नदीला पिणारे आहेत, वर्गणीदार नाहीत

बदलापुरातल्या बेलवलीच्या घरात नळ सोडला की येतं ते पाणी उल्हास नदीचं. राजमाचीच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी कर्जत, नेरळ, वांगणी करत बदलापूरला येते. इथल्या बॅरेज बंधाऱ्यावर महाराष्ट्र जीवन प्राधिकरण तिचं पाणी उचलतं आणि ते बदलापूर-अंबरनाथच्या टाक्यांत चढतं. थोडं खाली जांभूळला एमआयडीसी बारवी धरणातून सोडलेलं पाणी याच पात्रातून घेते. आणखी खाली मोहने आणि शहाडला कल्याण, ठाणे, भिवंडी, मिरा-भाईंदर अशी शहरांची रांगच लागलेली आहे. या नदीवर जगणाऱ्यांची गणती लाखांत होते. पण तिच्या नावानं दरमहा शंभर रुपये देणारा माणूस शोधायला निघालात तर पायपीट फार होईल.

याच बेलवलीतल्या शाळकरी मुलाला पांडाचं चित्र दाखवा. पांडा भारतात नाही, त्यानं तो कधी पाहिलेला नाही, तरी तो ‘वाचवायचा’ प्राणी आहे हे त्याला ठाऊक असतं. सहा दशकांत जगभरच्या निसर्गसंस्थांनी केलेलं हे काम थोडंथोडकं नव्हे. ते त्यांनी कसं केलं, त्यातून निसर्गाच्या पदरात काय पडलं, कुठे फसलं आणि उल्हाससारख्या रोजच्या नदीला त्यातलं काय उपयोगी पडेल, याचा हा आढावा.

एक चेहरा, पुष्कळ हात

1960 साली ज्युलियन हक्सली हे जीवशास्त्रज्ञ पूर्व आफ्रिकेतून परतले आणि तिथल्या वन्यजीवांच्या अवस्थेवर त्यांनी ‘ऑब्झर्व्हर’ या ब्रिटिश वृत्तपत्रात लेख लिहिले. त्यातून जी धावपळ सुरू झाली तिचं फळ म्हणजे ‘वर्ल्ड वाइल्डलाइफ फंड’. 1961 साली स्वित्झर्लंडमधल्या मोर्ज गावी या संस्थेचं कार्यालय सुरू झालं. शास्त्रज्ञांच्या संघटना तेव्हाही होत्या. त्यांच्याकडे ज्ञान होतं, पैसा नव्हता. नव्या संस्थेनं पैसा आणि लोकमत उभं करायचं, अशी वाटणी ठरली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘डेली मिरर’नं पहिल्या पानावर गेंडा छापून आतली कित्येक पानं या विषयाला दिली आणि थोड्याच दिवसांत वाचकांकडून साठ हजार पौंडांच्या घरात रक्कम जमा झाली. बोधचिन्ह म्हणून पांडा निवडण्यामागे त्याचं गोंडसपण तर होतंच, शिवाय काळ्या-पांढऱ्यात छापायला तो स्वस्त पडतो हा हिशेबही होता.

पुढच्या सगळ्या संस्थांनी कमीअधिक फरकानं गिरवलेला कित्ता इथेच तयार झाला. गुंतागुंतीच्या प्रश्नाला एका प्राण्याचा चेहरा द्यायचा. सामान्य माणसाकडून थोडं, पण नियमित घ्यायचं. बड्यांकडून वेगळ्या दारानं घ्यायचं. 1970 च्या सुमारास दहा हजार डॉलर भरणाऱ्या एक हजार एक धनिकांचा क्लब काढून या संस्थेनं एक कोटी डॉलरचा कायमनिधी उभारला. दैनंदिन खर्च त्याच्या व्याजातून निघू लागला आणि वर्गणीदाराला ‘तुमचा पैसा थेट निसर्गाला’ असं सांगता आलं. पुढे 2007 साली सिडनीत एक तास दिवे मालवण्याचा ‘अर्थ अवर’ सुरू झाला आणि पैसे न देता सहभागी होण्याची सोयही झाली. एका तासानं वीज किती वाचते हा मुद्दा गौण. आपण या बाजूचे आहोत असं माणसाला वाटू लागतं, हा त्यातला मतलब.

पैसा जमिनीवर उतरवण्याच्या तऱ्हा मात्र संस्थागणिक वेगळ्या. 1951 साली अमेरिकेत स्थापन झालेल्या ‘नेचर कॉन्झर्व्हन्सी’नं सरळ जमीन विकत घेण्याचा मार्ग धरला. ‘कॉन्झर्व्हेशन इंटरनॅशनल’नं 1987 मध्ये बोलिव्हियाच्या परदेशी कर्जाचा काही भाग विकत घेतला आणि त्या बदल्यात तिथल्या सरकारकडून जंगल राखण्याची हमी घेतली. लाकूड आणि मासळी जबाबदारीनं मिळवली आहे, असं सांगणारे शिक्के 1990 च्या दशकात आले आणि ग्राहकाच्या खिशातून संवर्धन साधण्याची वाट निघाली. 1971 साली जन्मलेल्या ‘ग्रीनपीस’नं कंपन्या आणि सरकारं यांचा पैसा घ्यायचाच नाही असं ठरवलं आणि संघर्षाचा रस्ता पकडला. एक घर बड्यांशी हातमिळवणी करणारं, दुसरं त्यांच्या अंगावर जाणारं. या चळवळीचं राजकारण आजही बरंचसं या दोन घरांमधून चालतं.

मुंबईचं जुनं खातं

महाराष्ट्रात ही गोष्ट पांडाच्या आधी सुरू होते. 15 सप्टेंबर 1883 रोजी मुंबईत आठ जणांनी मिळून ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ स्थापन केली. त्यांत दोघे आपले होते: प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. हे दुसरे म्हणजे रखमाबाईंचे सावत्र वडील. बालविवाह नाकारणाऱ्या मुलीच्या पाठीशी उभा राहणारा आणि झाडांची नावं लावणारा माणूस एकच, हे त्या काळच्या मुंबईचं वैशिष्ट्य. सोसायटीचा पाया शिकार, संग्रह आणि नोंदी यांवर होता; संरक्षणाची भाषा पुढे आली. 1941 साली सलीम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक निघालं आणि दुर्बीण गळ्यात अडकवून फिरणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाला हातात धरायला काही मिळालं.

1969 हे वर्ष कळीचं. नोव्हेंबरमध्ये जागतिक संवर्धन संघटनेचं अधिवेशन दिल्लीत भरलं, तिथे वाघाच्या शिकारीवर बंदीची मागणी झाली आणि त्याच महिन्यात ‘वर्ल्ड वाइल्डलाइफ फंड’च्या भारतीय शाखेची, ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया’ची, धर्मादाय न्यास म्हणून नोंद झाली. सुरुवातीचा मुक्काम मुंबईत होता. झफर फतेहअली हे तिच्या उभारणीतलं मोठं नाव. 1972 च्या गणतीत वाघ 1,827 भरले. मूळ जागतिक संस्थेचे एक संस्थापक गाय माउंटफोर्ट यांनी इंदिरा गांधींना भेटून तिच्यातर्फे दहा लाख डॉलर उभे करण्याचं आश्वासन दिलं आणि 1 एप्रिल 1973 रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ प्रकल्पांत आपलं मेळघाट होतं. परदेशी संस्थेनं पैसा आणि प्रतिष्ठा द्यायची, सरकारनं कायदा आणि माणसं द्यायची, असा हा सौदा होता. वाघापुरतं बोलायचं तर तो फळला: 2022 च्या गणनेत देशात सरासरी 3,682 आणि महाराष्ट्रात 444 वाघ नोंदले गेले.

लोकांना बांधून घेण्याचं काम इथे निराळ्या वाटांनी झालं. शाळांतून निसर्ग मंडळं निघाली, सोसायटीची शिबिरं लागली, दर जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना होऊ लागली. मराठीत मारुती चितमपल्लींसारख्या वनाधिकाऱ्यानं जंगल घराघरांत नेलं; 2006 मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. कोणत्याही संस्थेच्या जाहिरात खात्याला जमलं नसतं एवढं काम त्यांच्या लेखणीनं केलं.

टाळ्या शहरात, किंमत रानात

आता दुसरी बाजू. वाघाचे चाहते मुंबई-पुण्यात राहतात. वाघाच्या शेजारी कोरकू आदिवासी राहतो. मेळघाटातली गावं गाभ्याबाहेर हलवण्याचं काम वर्षानुवर्षं चाललं. 2008 पासून कुटुंबामागे दहा लाख रुपयांचा मोबदला ठरला, तो पुढे पंधरा लाख झाला. कागदावर पुनर्वसन स्वेच्छेचं. पण अकोट-तेल्हारा भागात आणलेल्या काही गावांतले लोक जमीन, रोजगार आणि आजारपणाच्या तक्रारी घेऊन पुन्हा जंगलात शिरले आणि जानेवारी 2019 मध्ये वनखातं, पोलीस आणि गावकरी यांच्यात हाणामारी झाली. वाघ वाढल्याची बातमी पहिल्या पानावर आणि ही बातमी जिल्हा आवृत्तीत, असा आपल्याकडचा रिवाज.

हे दुखणं जागतिक आहे. 2019 साली आफ्रिका आणि आशियातल्या राखीव जंगलांत वनरक्षकांनी स्थानिकांना मारहाण आणि छळ केल्याचे, आणि अशा पथकांना पांडावाल्या संस्थेचा पैसा जात असल्याचे आरोप झाले. संस्थेनं नेमलेल्या, संयुक्त राष्ट्रांच्या माजी मानवी हक्क उच्चायुक्त नवी पिल्लै यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं नोव्हेंबर 2020 मध्ये अहवाल दिला. संस्थेच्या कर्मचाऱ्यांनी स्वतः अत्याचार केले किंवा करवले असं समितीला आढळलं नाही. पण मानवी हक्कांची जी वचनं संस्थेनं दिली होती ती पाळण्यात ती कमी पडली, असा ठपका तिनं ठेवला.

चूक नुसत्या अंमलबजावणीत नव्हती, ती कित्त्यातच होती. देणगीदाराला प्राणी दाखवायचा तर चित्रातून माणूस काढावा लागतो. एकदा चित्रातून काढला की आराखड्यातूनही तो निघून जातो. दूरच्या माणसाची सहानुभूती आणि जवळच्या माणसाची संमती ही दोन वेगळी भांडवलं आहेत. मोठ्या संस्थांनी पहिलं उदंड जमवलं आणि दुसरं त्यातून आपोआप येईल असं धरून त्या चालल्या.

2006 च्या वनहक्क कायद्यानं हे गणित बदलायची सोय केली. 2009 मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरनं उजाड माळ राखून जंगल परत आणलं आणि 2014 मध्ये त्या गावाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळाला. पांडाइतकं नाव या गावांना कधी मिळणार नाही. पण इथे राखणारा आणि राहणारा एकच आहे.

वेळासची टोपली

दूरची सहानुभूती जवळच्या माणसाच्या चुलीपर्यंत नेता येते का? कोकणात हा प्रयोग झाला. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेला 2002 साली मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी आढळली. अंडी माणसं खणून नेत होती, उरलेली कोल्ही-कुत्री खात. संस्थेनं भाषण करत बसण्याऐवजी गावातल्याच पोरांना हाताशी धरलं. पहाटे किनारा चालायचा, मादीच्या माघारी जाणाऱ्या खुणा ओळखायच्या, घरटं शोधायचं, अंडी अलगद उचलून कुंपणातल्या वाळूत मूळ घरट्याच्याच मापाचा खड्डा करून पुन्हा पुरायची. वर तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी, आणि दिवस भरत आले की वर उपडी टोपली. साधारण दीड-दोन महिन्यांनी टोपली उचलली की खाली पिल्लं वळवळत असतात.

2006 पासून कासव महोत्सव भरू लागला. पिल्लं समुद्राकडे सोडण्याची वेळ सकाळची आणि संध्याकाळची. मधला सारा दिवस पाहुणा गावातच. त्याला राहायला खोली, जेवायला उकडीचे मोदक आणि आमटी-भात देणारी घरं गावातलीच. दोरीपलीकडे उभं राहून तळहाताएवढ्या जिवाला लाटेत जाताना पाहणारा मुंबईकर जे पैसे देतो, ते कुठल्याही मुख्यालयात न जाता वेळासच्या स्वयंपाकघरात जातात. पुढे वनखातं आणि त्याचा कांदळवन कक्षही यात उतरला आणि कोकणातल्या इतर किनाऱ्यांवर ही पद्धत पसरली. चेहरा इथेही आहे, कासवाचा. फक्त चित्रात यजमानालाही जागा आहे.

दुसरा दाखला सह्याद्रीतल्या बेहड्याचा. पुण्यात 1994 साली सुरू झालेल्या ‘अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन’नं पाहिलं की कोकणात धनेश पक्षी घरटं करतो ती बेहड्याची जुनी प्रचंड झाडं खासगी मालकीच्या रानात आहेत आणि सरपणाच्या भावानं तुटताहेत. जागतिक संस्थांच्या एका संयुक्त निधीतून पश्चिम घाटासाठी आलेल्या पैशांचा या कामाला हात लागला. गावांशी झाडं राखण्याचे करार झाले आणि बेहडा-हिरड्याच्या फळांना ‘फेअरवाइल्ड’ हा आंतरराष्ट्रीय शिक्का मिळवून ब्रिटनमधल्या चहा कंपनीला ती चढ्या भावानं विकण्याची व्यवस्था लागली. भीमाशंकर परिसरातले महादेव कोळी गोळा करणारे यात आहेत. तोडून एकदा मिळणारे पैसे आणि राखून दरवर्षी मिळणारे पैसे, यांचा हिशेब झाडमालकाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

उल्हासला चेहरा नाही

आता पुन्हा आपल्या नदीकडे. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या 2001 मध्ये लाखाच्या आत होती, 2011 मध्ये पावणेदोन लाखांच्या जवळ पोचली, आणि त्यानंतर उभे राहिलेले टॉवर बेलवलीतल्या कुणालाही गच्चीवरून मोजता येतील. सांडपाणी त्याच प्रमाणात वाढलं. काकोळ्याच्या डोंगरातून निघणारी वालधुनी अंबरनाथच्या 1060 सालच्या शिवमंदिराला वळसा घालते आणि औद्योगिक वसाहत, मग उल्हासनगर पार करून कल्याणजवळ उल्हासला मिळते, तोवर ती नदी राहिलेली नसते. नोव्हेंबर 2014 च्या अखेरीस तिच्यात टँकरनं रसायन ओतलं गेलं आणि उल्हासनगरातल्या शेकडो लोकांना श्वासाच्या त्रासानं रुग्णालयं गाठावी लागली.

इथे लढाई झाली ती न्यायालयातून. मुंबईच्या ‘वनशक्ती’ संस्थेनं उल्हास-वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात 2013 साली अर्ज केला. जुलै 2015 मध्ये न्यायाधिकरणानं स्थानिक स्वराज्य संस्था आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रं यांच्यावर मिळून 95 कोटी रुपयांची भरपाई लादली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. उल्हासनगरातले जीन्स धुणारे कारखाने बंद करण्यापर्यंत मजल गेली. तरीही उन्हाळ्यात मोहने-रायत्याच्या पात्रावर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतोच, आणि सांडपाणी अजून पोषण पुरवतं आहे हे त्यावरून कळतं.

न्यायालय आदेश देऊ शकतं, पाळत ठेवू शकत नाही. पाळत लोकांची लागते, आणि लोक इथे का जमत नाहीत हा खरा प्रश्न. पहिलं कारण, नदीचं प्रदूषण करणारा कुणी परका शिकारी नाही. ज्या कारखान्याचं पाणी, तिथेच शेजाऱ्याची नोकरी. ज्या नाल्याचा मैला, तो आपल्याच सोसायटीचा. दुसरं, शुद्धीकरण केंद्र आपलं काम जितकं चोख करतं, तितकी नदी विस्मरणात जाते. नळाला पाणी स्वच्छ येतं, मग पात्राकडे कोण पाहतो? नदीची आठवण होते ती पुरात. 26 जुलै 2005 ला झाली, 27 जुलै 2019 ला झाली, तेव्हा बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात उभी राहिली आणि हजारावर प्रवाशांना होड्यांतून काढावं लागलं. त्या दिवशी नदी शत्रू असते. शत्रूसाठी वर्गणी कोण देतो!

गंमत अशी की याच जलव्यवस्थेच्या शेवटच्या टोकाला चेहरा मिळालेला आहे. उल्हासचा एक फाटा ठाण्याजवळ ठाणे खाडीशी जोडला जातो. त्या खाडीत रोहित पक्षी उतरतात, म्हणून 2015 मध्ये तिथे अभयारण्य झालं आणि 2022 मध्ये महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय ‘रामसर’ यादीत नाव लागलं. गुलाबी पक्षी दिसतो तिथे कायदा, निधी, बोटफेरी सगळं येतं. तोच प्रवाह चाळीसेक किलोमीटर वर बेलवलीजवळून वाहताना नगरपरिषदेच्या एका विभागाचा विषय असतो.

पैशाची वाट

‘मोठ्या संस्थांनी इथल्या छोट्या गटांना पैसे द्यावेत’ हे म्हणणं सोपं, पण ती वाट आता अरुंद झाली आहे. परदेशी देणगीच्या कायद्यात 2020 साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशी देणगी घेणारी संस्था ती दुसऱ्या संस्थेकडे वळवू शकत नाही, आणि कार्यालयीन खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली. म्हणजे दिल्ली-मुंबईतल्या मोठ्या संस्थेनं परदेशातून निधी आणून बदलापूरच्या नदीमित्रांना द्यावा, ही जुनी पद्धत बंद. वनस्पतिशास्त्रज्ञाचा किंवा हिशेबनिसाचा पगार ‘कार्यालयीन’ की ‘कामाचा’, यावर रात्री जागवणाऱ्या संस्था कमी नाहीत.

दुसरी वाट कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाची. 2013 च्या कंपनी कायद्यानं ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के अशा कामांवर घालणं भाग पडलं आणि पर्यावरण त्या यादीत आहे. पण हा पैसा वर्षाच्या हिशेबात बसणारं, फोटोत दिसणारं काम शोधतो. रोपं लावणं फोटोत दिसतं. गटाराचं पाणी नदीत जाण्याआधी कुठल्या चेंबरला फुटतं हे वर्षभर तपासत राहणं दिसत नाही. नदीला मात्र गरज आहे ती त्याचीच.

उरते ती तिसरी वाट, गावातल्या वर्गणीची. ती तुटपुंजी असली तरी तिला एक गुण आहे: ती देणारा हिशेब मागायला घरापासून चालत येऊ शकतो. मुंबईच्या सोसायटीचा पाया आठ जणांनी असाच घातला होता.

बदलापूरनं काय घ्यावं

सगळा हिशेब मांडल्यावर मला जागतिक संस्थांकडून घेण्यासारख्या तीन गोष्टी दिसतात, आणि न घेण्यासारखी एक.

न घेण्यासारखी म्हणजे गोंडस चेहऱ्याचा हट्ट. उल्हासला पांडा शोधत बसू नये. खंड्या किंवा पाणमांजर बोधचिन्हावर शोभेल, पण या नदीचा धोक्यातला प्राणी तिच्या काठचा माणूस आहे आणि त्याला स्वतःचंच चित्र दाखवून वर्गणी मागता येत नाही.

घेण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे नियमित मोजणी. पाणपक्ष्यांची गणना दर जानेवारीला होते म्हणून तिला अर्थ आहे. एका रविवारी नदीकाठी जमून प्लॅस्टिक उचललं की तो कार्यक्रम होतो, नोंद होत नाही. दुसरी, सदस्यत्व. ‘सहभागी व्हा’ म्हणून टाळ्या मिळतात. पावती फाडली की हक्क तयार होतो. तिसरी गोष्ट वेळासची: राखणाऱ्याला वाटा. नदीकाठच्या शेतकऱ्यानं आणि कोळ्यानं पात्रावर नजर ठेवायची असेल तर त्या वेळेचं मोल त्याला मिळालं पाहिजे.

या तिन्हींना जोडणारा कागद आपल्या घरात आधीच येतो. तो म्हणजे पाणीपट्टीचं बिल. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ उल्हासचं पाणी बदलापूरच्या जलकेंद्राच्या वरच्या बाजूला आणि मोहन्याला तपासतं. आकडे जाहीर असतात, पण ते वाचायला जातो कोण? तेच आकडे बिलावर छापावेत. अंघोळीलायक पाण्यात बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) लिटरला तीन मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा, या महिन्यात तो इतका आहे. वरच्या ठाण्यावर इतका, खालच्या ठाण्यावर इतका. दोन ठाण्यांमधला फरक म्हणजे आपण सगळ्यांनी मिळून नदीत घातलेली भर. त्याखाली दहा रुपयांची ऐच्छिक ओळ: नदीच्या राखणीसाठी. ज्यानं ते दहा रुपये भरले तो पुढच्या महिन्यात आकडा वाचेल, आणि तो वाढला तर नगरपरिषदेत जाऊन विचारेल.

लंडनच्या वाचकानं 1961 मध्ये कधीही न पाहिलेल्या गेंड्यासाठी पाकीट पाठवलं, कारण कुणीतरी त्याच्याकडे ते मागितलं. उल्हासच्या लाखो पिणाऱ्यांकडे अजून कुणी काही मागितलेलंच नाही. त्यांची उदासीनता सिद्ध करण्याआधी निदान एकदा मागून तर पाहू.